पॅच पाठवणारा मामा, पॅच सांभाळणारी भाची

भाची एका लहानशा ओपन सोर्स लायब्ररीची मेंटेनर. पोटापाण्याची नोकरी वेगळी. हे काम रात्री जेवणं उरकल्यावर आणि शनिवार-रविवारी, अर्थात बिनपगारी. तिची लायब्ररी लिनक्सवर चालते आणि तिला तेवढं पुरेसं वाटतं. मामा निवृत्त सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडीची जुनी यंत्रं घरात अजून चालू ठेवलेला, आणि कॉलेजातल्या चार पोरांना हाताशी धरून भाचीची लायब्ररी त्या यंत्रांवर चालती केलेला. पॅच तयार झाले, पाठवले आणि तसेच पडून राहिले. त्यावरून दोघांची जुंपली. मी दोघांचाही स्नेही. पोर्टिंगच्या कामात दोन्ही बाजूंना थोडाफार वावरलो असल्यामुळे मधे तोंड घातलं, पण बोलणं मुख्यतः त्यांचंच.

मामा: गौरी-गणपतीच्या आधी पॅच पाठवले. दिवाळी होऊन गेली. पोरं भेटली की विचारतात, ताईंनी काही कळवलं का. नाही तर नाही म्हण, पण काहीतरी म्हण की!

भाची: नाही म्हणायला काय, एक ओळ पुरते. अडतं ते हो म्हणताना. एकदा आत घेतलं की ते माझं झालं, मामा.

मामा: तुझं कसं? लिहिलं पोरांनी, तपासलं मी. तू फक्त आत घ्यायचं.

भाची: गाय दान करणारा पुण्य पदरात पाडून घरी जातो, वैरण घालायची ती घेणाऱ्याने. तुझी पोरं पुढच्या वर्षी नोकरीला लागतील, मग त्यांना नेटबीएसडी आठवणारसुद्धा नाही. आणि एखाद्या रात्री कोणीतरी मला लिहील, नव्या आवृत्तीत बिल्ड मोडलंय, लवकर बघा. माझ्याकडे नेटबीएसडी नाही. मी काय कपाळ बघू?

मामा: बरं. पण आमच्या पॅचमध्ये तुझेच दोष निघालेत, त्यांचं काय? ती पाथ-मॅक्सची भानगड बघितलीस का?

भाची: नाही बघितली. एवढे पॅच एकगठ्ठा पाठवलेस की उघडायचीच भीती वाटली.

मामा: मग ऐक. लिनक्सवर पाथ-मॅक्स नावाचा एक ठरावीक आकडा असतो, ४०९६. सी लिहिणारा आळशी माणूस काय करतो, फाइलचा पत्ता ठेवायला तेवढ्या अक्षरांची जागा आखून मोकळा होतो. तूही केलंयस. हर्ड नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हा आकडाच नाही, कारण तिथे पत्त्याच्या लांबीला मर्यादाच घातलेली नाही. त्यामुळे तसला प्रोग्रॅम हर्डवर कंपाइलच होत नाही. डेबियनच्या हर्डवाल्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं एकच काम केलं. शेकडो प्रोग्रॅममध्ये ती ठरावीक जागा काढायची, पत्ता किती लांब आहे ते आधी विचारायचं, तेवढीच मेमरी मागायची, आणि तो पॅच मूळ लेखकाकडे पाठवायचा.

भाची: हर्ड वापरतं कोण? १९९० पासून चालू आहे ते.

मामा: वापरणारे मोजकेच असतील. पण लिनक्सवरसुद्धा खोलखोल फोल्डरांत उतरत गेलं तर खरा पत्ता ४०९६ च्या पुढे जाऊ शकतो. तो आकडा कर्नलला एका वेळी किती लांब पत्ता देता येईल एवढंच सांगतो. म्हणजे दोष तुझ्याकडेही होताच. तुझ्या कंपायलरने तो गिळला, त्यांच्याने गिळला नाही. ओपनबीएसडीवाले जुनी, विचित्र यंत्रं इतकी वर्षं का बाळगून बसले? बाइट्सचा क्रम उलटा असलेल्या प्रोसेसरवर, अलाइनमेंट काटेकोर पाळायला लावणाऱ्या प्रोसेसरवर तुझा कोड चालवला की लपलेलं बाहेर येतं.

भाची: आणि त्याचं वीजबिल? २०१४ च्या सुरुवातीला त्यांनाच हात पसरायला लागले होते. कॅल्गरीत त्यांच्या संस्थापकाच्या, थिओ डी राटच्या घरी ती सगळी यंत्रं चालायची आणि विजेचे वीस हजार डॉलर कुठून आणायचे हा प्रश्न पडला होता. पुढे २०१६ मध्ये त्यांनीही व्हॅक्स सोडलाच की.

मामा: सोडला. पण वीस वर्षं चालवून सोडला.

हा पहिला फेरा मामाचा. एखाद्या कोपऱ्यातल्या यंत्रणेसाठी केलेली दुरुस्ती पुष्कळदा सगळ्यांच्या कामाची असते, आणि पोर्टिंगला परोपकार समजणाऱ्या मेंटेनरांना हे दिसत नाही. पण यात मामाने एक गोष्ट सोयीने गाळली. पाथ-मॅक्सचा पॅच ही एक जात. एकदा घेतला की काम संपलं, तो कायमचा बरा. दुसरी जात इफडेफची. इफडेफ म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना, अमुक यंत्रणा असेल तर या ओळी घे, नसेल तर सोड. असा पॅच कधीच संपत नाही. एका प्रोग्रॅमचे दोन प्रोग्रॅम होतात आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यातला एकच असतो. मामाच्या गठ्ठ्यात दोन्ही जाती एकत्र बांधलेल्या होत्या. तो सोडवायचं काम त्याचं होतं, भाचीचं नव्हे.

मामा: इफडेफ वाईट असतील तर एका बाजूला ठेवायचे. ओपनएसएसएचने काय केलं? फिनलंडच्या तातू य्लोनेनने १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, पुढे त्याचा परवाना आवळत गेला. तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी, मोकळ्या परवान्याची आवृत्ती उचलून स्वतःचं उभं केलं आणि १९९९ च्या डिसेंबरात ओपनबीएसडी २.६ बरोबर दिलं. बाकीच्या यंत्रणांनाही ते लगेच हवं झालं. तिथे त्यांनी कामाची वाटणी केली. एका गटाने फक्त ओपनबीएसडीसाठी लिहायचं, दुसऱ्या यंत्रणेचा विचारसुद्धा करायचा नाही. दुसऱ्याने तेच घेऊन उरलेल्या जगासाठी जुळवायचं. आवृत्तीच्या आकड्यामागे जो पी दिसतो, ९.८पी१ वगैरे, तो या दुसऱ्या गटाचा, म्हणजे पोर्टेबलचा. ओपनबीएसडीत असलेली पण इतरत्र नसलेली सगळी फंक्शन्स एका वेगळ्या फोल्डरमध्ये. ते स्ट्रिंग सुरक्षितपणे कॉपी करणारं एसटीआरएलसीपीवाय. त्यावरचा निबंध १९९९ चा आणि लिनक्सच्या ग्लिबसीने ते घरात घेतलं २०२३ च्या ऑगस्टमध्ये! तोवर पोर्टेबलवाले स्वतःची प्रत बाळगून होते. मूळ कोडला त्याचा पत्ताही नाही.

भाची: तू हेच उदाहरण देणार हे ठाऊक होतं. आता त्याच घरातलं २०२४ च्या १ जुलैचं सांगते. क्वालिस या सुरक्षा कंपनीने जे उघड केलं ते वाचलंस ना?

मामा: वाचलं. पॅच लावत बसलो होतो ना रात्रभर.

भाची: मग यांनाही कळू दे. सर्व्हरला जोडून लॉगिन न करता नुसतं बसून राहिलं, तर ठरलेली मुदत संपल्यावर अलार्म वाजतो. मूळ सेटिंग १२० सेकंदांचं. अलार्मचा हँडलर लॉगमध्ये एक ओळ लिहायला जातो. ग्लिबसीचं सिसलॉग ती ओळ लिहिताना मेमरी मागू शकतं. आणि नेमक्या त्याच क्षणी मूळ प्रोग्रॅम स्वतः मेमरीच्या वाटपात अर्ध्यावर असेल तर सगळा हिशेब विस्कटतो. तिथून चिवटपणे प्रयत्न करणारा, पासवर्ड नसलेला माणूस थेट रूट. ओपनबीएसडी यातून वाचलं, कारण तिथे हँडलरमधून बोलवायला सुरक्षित असं वेगळं सिसलॉग आहे. म्हणजे तोच कोड, त्याच ओळी. एका घरात निरुपद्रवी, दुसऱ्या घरात दार उघडं.

मामा: पण तो नवा दोष नव्हता.

भाची: तेच तर! २००६ मध्ये सापडलेला, बंद केलेला. पोर्टेबलमध्ये एक इफडेफ होता. त्याचा अर्थ असा की हँडलरमधून लॉग लिहिणं जिथे सुरक्षित असेल तिथेच लिही, नसेल तर काही न लिहिता सरळ बाहेर पड. २०२० मध्ये लॉगिंगची मांडणी बदलताना ती ओळ चुकून गेली. ८.५पी१ मध्ये दोष परत आला आणि ९.८पी१ येईपर्यंत राहिला. मधे तीन वर्षांहून जास्त काळ. ज्यांच्यासारखे काटेकोर लोक शोधून सापडायचे नाहीत त्यांच्या हातून हे होतं, आणि तू मला म्हणतोस की पॅच नुसते आत घे!

मामा थोडा वेळ गप्प राहिला, आणि माझ्या मते योग्यच केलं. या घटनेवरून पोर्टिंग नको असं म्हणणं चूक. पोर्टेबल नसतं तर तो इफडेफ नसता, पण मग लिनक्सवर ओपनएसएसएचच नसतं. भाचीचा मुद्दा मात्र त्याहून बारीक आहे. पोर्टिंगचा कोड वरवर पाहता कचऱ्यासारखा दिसतो, साफसफाई करणाऱ्याचा हात तिथेच आधी जातो. त्यातली कुठली ओळ खरोखर कालबाह्य आणि कुठली जीव वाचवणारी, हे त्या यंत्रणेवर रोज न राहणाऱ्याला ओळखता येत नाही.

भाची: म्हणून मला २०१४ मधलं लिब्रेएसएसएल आवडतं. एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला. ओपनबीएसडीवाल्यांनी ओपनएसएसएलची प्रत घेतली आणि आधी कुऱ्हाड चालवली. व्हीएमएस गेलं, ओएस/२ गेलं, नेटवेअर गेलं, १६ बिटांचं विंडोज गेलं. पहिल्या आठवड्यातच सी कोडच्या नव्वदेक हजार ओळी उडाल्या. आणि नुसता पसारा म्हणून नव्हे. काही यंत्रणांवर मेमरीचं वाटप हळू चालायचं म्हणून ओपनएसएसएलने स्वतःचं वाटप मधे घालून ठेवलं होतं. त्यामुळे ओपनबीएसडीच्या मॅलॉकने जो पहारा ठेवला होता तो बिनकामाचा ठरला. हळू यंत्रणेचे लाड, आणि भोगलं कोणी?

मामा: आणि जुलैत त्यांनी काय काढलं ते सांग की. लिब्रेएसएसएल पोर्टेबल! तीन महिन्यांत तीच माणसं लिनक्ससाठी, मॅकसाठी बांधून देत होती. म्हणजे त्यांचं भांडण पोर्टिंगशी नव्हतं. एका नीट यंत्रणेवर आधी स्वच्छ लिहा, ज्या यंत्रणेत उणीव आहे तिथली भरपाई बाहेरून करा, उणिवेसाठी मूळ कोड वाकवू नका. मी तेच म्हणतोय. आमचं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव.

भाची: तुमच्याच झाडात ठेवा की मग. फ्रीबीएसडी पोर्ट्समध्ये त्याची सोय आहेच.

मामा: आहे, आणि चांगली आहे. प्रत्येक पोर्टच्या मेकफाइलमध्ये मेंटेनरची एक ओळ असते, तिथे माणसाचा ईमेल. कोणी नसेल तर सगळ्यांचा म्हणून एक पत्ता. आमचे पॅच एका फोल्डरमध्ये सुटे सुटे. कोणी दुरुस्ती पाठवली आणि मेंटेनरने दोन आठवडे दाद दिली नाही, तर दुसरा अधिकार असलेला माणूस ती आत घेऊ शकतो. तीन महिने माणूस गायब असला तर त्याचं नावच काढतात. राग नाही, लोभ नाही. तुझ्याकडे गणपतीपासून पडलेल्या पॅचला हा नियम लावला असता तर?

भाची: टोमणा कळला.

मामा: पण तिथेच ठेवण्यात अडचण अशी की तोच पॅच नेटबीएसडीच्या पीकेजीएसआरसीत कोणीतरी वेगळा लिहितो, ओपनबीएसडीच्या पोर्ट्समध्ये तिसरा लिहितो. तुझी नवी आवृत्ती आली की तिघांचे पॅच एकाच ठिकाणी अडतात आणि तिघं तीन संध्याकाळी तेच काम करतात. एकमेकांना पत्ताही नसतो. ते काम तुझ्याकडे एकदा आलं तर एकदाच होईल.

माझ्या पाहण्यात खरी नासाडी इथे होते. स्वयंसेवक कमी आहेत अशी ओरड सगळीकडे असते, पण असलेले स्वयंसेवक एकच दगड वेगवेगळ्या वाटांनी वर चढवत असतात. समन्वय म्हणजे बैठका आणि तक्ते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एकाच लायब्ररीचे या तीन झाडांतले पॅच शेजारी शेजारी उघडून पाहावेत.

भाची: एकदा माझ्याकडे आलं की पायथनसारखं करावं लागेल. त्यांनी प्रत्येक यंत्रणेला पायरी दिली आहे. पहिल्या पायरीवरची मोडली तर आवृत्तीच थांबते, आणि ती सगळ्यांची जबाबदारी. दुसऱ्या पायरीला किमान दोन कोअर डेव्हलपरांची नावं लागतात. कोणाच्या बदलाने मोडली तर २४ तासांत दुरुस्त करा नाही तर बदल मागे घ्या. तिसरीला एक नाव आणि भरवशाचं बिल्ड यंत्र पुरतं, पण ती मोडली म्हणून आवृत्ती अडत नाही. नावाशिवाय आणि यंत्राशिवाय पायरीच नाही.

मामा: हे पटतं. पण पायरी काढून घेताना माणुसकी पाहिजे. २०२१ च्या फेब्रुवारीत पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीने ३.४ मध्ये रस्ट आणलं. रस्ट कंपायलर ज्यांच्या यंत्रांसाठी नव्हताच, अल्फा, एचपीपीए, ६८के, ते बसले हात चोळत. अल्पाइन लिनक्सवाल्यांना तेव्हा तयार बांधलेली आवृत्ती मिळत नव्हती, त्यांचीही बिल्ड पटापट आडवी झाली. आपण बाद झालोय हे लोकांना बिल्ड मोडल्यावर कळावं?

भाची: मेमरीच्या चुका टाळायच्या असतील तर क्रिप्टोग्राफीत सी नको, हे त्यांचं म्हणणं खोटं होतं का? फुकट राबणाऱ्या माणसांनी तीस वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरसाठी किती दिवस थांबायचं?

मामा: थांबू नये. पण तारीख सांगावी. डेबियनच्या अ‍ॅप्टमध्ये रस्ट येणार हे २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस सांगितलं, आणि ज्या पोर्टकडे रस्ट नाही त्यांना सहा महिने दिले. आणा, नाही तर पोर्ट आटपा. भाषा कडक होती, लोक चिडले, पण मुदत होती. आणि माणूस उरला नाही तर तेही मोकळेपणाने सांगावं. २००९ च्या डिसेंबरात व्हीएलसीवाल्यांनी सांगितलं, मॅकसाठी काम करणारं आमच्याकडे कोणी उरलेलं नाही. बातमी झाली, माणसं आली, मॅकवर व्हीएलसी आजही चालतं.

भाची: आणि डेबियनचं केफ्रीबीएसडी? लिनक्सऐवजी फ्रीबीएसडीचं कर्नल, वर डेबियन. २०११ मध्ये डेबियन ६ बरोबर थाटात आलं, आठव्या आवृत्तीला गळालं, नंतर रेंगाळत २०२३ मध्ये अधिकृतपणे बंद. हाका मारल्या म्हणून दर वेळी माणसं येत नाहीत, मामा.

मामा: नाही येत. बंद झालं तर झालं. पण झालं असं सांगून झालं ना!

इथून पुढचं बोलणं वादाचं कमी आणि बाजारातल्या घासाघिशीचं जास्त होतं.

भाची: ठीक. गठ्ठा परत घे आणि दोन भाग कर. पाथ-मॅक्ससारखं जे सगळ्यांच्या कामाचं आहे ते एकेक, सुटं पाठव. दर पॅचमध्ये एकच गोष्ट. ते मी या शनिवारी बघायला घेते.

मामा: आणि इफडेफचे?

भाची: ते कॉम्पॅट फोल्डरमध्ये. मूळ फाइलींत एकही नको. प्रत्येकाच्या वर दोन ओळींची टीप, कुठल्या यंत्रणेसाठी आणि काढला तर काय मोडेल. ‘नेटबीएसडीसाठी आवश्यक’ असं लिहिलंस तर परत पाठवीन. शक्य तिथे टेस्टही, म्हणजे उद्या मी साफसफाई करताना ती ओळ उडवली तर टेस्टने मला अडवलं पाहिजे.

मामा: टीप पोरांकडून लिहून घेतो. टेस्टला वेळ लागेल.

भाची: लागू दे. आणि यंत्र कोणाचं?

मामा: माझं. तुला लॉगिन देतो, रोज रात्री बिल्ड लावतो.

भाची: तुमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते. माझ्या पानावर लाल खूण आणि मी समजायचं की कोड मोडला.

मामा: इन्व्हर्टर आहे. आणि हवं तर जीसीसीच्या कंपाइल फार्मवर अर्ज करतो, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना तिथे तऱ्हेतऱ्हेची यंत्रं फुकट वापरायला मिळतात.

भाची: दोन्ही कर. फ्रीबीएसडीला दुसरी पायरी हवी असेल तर दोन नावं लाग‌तील.

मामा: एक माझं घाल. दुसरं त्या पोरांतल्या एकीचं, ती अभ्यासात थोडी मागे आहे पण पॅच तिचेच सगळ्यात नीटस आहेत.

भाची: ती पुढच्या वर्षी नोकरीला लागली की?

मामा: तेव्हा तीन महिन्यांचा नियम लाव. नाव काढ.

भाची: तोवर तिसरीच पायरी. सहा महिने बिल्ड हिरवं राहिलं तर दुसरीचं बोलू. आणि नेटबीएसडीला कोणाचं नाव?

मामा: तेही माझंच घाल.

भाची: एका माणसाला एकच यंत्रणा, मामा. नेटबीएसडीसाठी दुसरं कोणीतरी बघ, नाही तर ते पॅच तुमच्या पीकेजीएसआरसीतच राहू देत.

मामाने फोन काढला आणि पोरांपैकी कोणाला तरी लावला. पलीकडच्याची परीक्षा चालू होती. सोमवारनंतर सांगतो म्हणाला.